अक्षरच्युतकाचा नवा अवतार
बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील शूद्रक राजा अक्षरच्युतक व प्रहेलिका यांत रमतो. एमिली शॉर्ट यांच्या ‘काउंटरफीट मंकी’ (२०१२) या संगणकावरील इंग्रजी शब्दखेळात तेच अक्षरच्युतक कथेचे चालक तत्त्व झाले आहे. खेळणारा आज्ञा लिहितो. नावातील अक्षर गळाले की वस्तूच पालटते. जणू ‘कमळा’तील ‘क’ काढताच हाती ‘मळ’ यावा! कित्येक कोड्यांना एकाहून अधिक उत्तरे मान्य असल्याने येथे पाठांतर नव्हे, कल्पकता फळास येते. शब्दांवर पहारा ठेवणाऱ्या राजसत्तेची पार्श्वभूमी या क्रीडेस गांभीर्य देते. मात्र लेखिकेने न योजिलेला शब्द निष्फळ ठरतो, ही तिची मर्यादा होय. अशा कृतीचे भाषांतर आमच्या मते अशक्यच. मराठीस ती हवी असेल, तर मराठी शब्दांच्या घडणीतूनच ती जन्मास आली पाहिजे.