‘केऑस’ म्हणजे नुसता गोंधळ नव्हे

इंग्रजी ‘केऑस’ला आपण सरसकट ‘गोंधळ’ म्हणतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मि.मी. पाऊस पडला, अंधेरी-घाटकोपरचे व्यवहार ठप्प झाले. तेथे हा अर्थ चालतो. विज्ञानाच्या तासाला मात्र तो दिशाभूल करतो. लॉरेन्झ यांनी 1963 साली मांडलेली हवेच्या अभिसरणाची समीकरणे काटेकोर आहेत. पण सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक पडला, तरी पुढची उत्तरे पार बदलतात. ली व यॉर्क यांनी 1975 मध्ये अशा वर्तनासाठी ‘केऑस’ हा शब्द वापरला. म्हणजे नियम आहेत, दूरचे भाकीत मात्र नाही. नुसते ‘गोंधळ’ शिकवले, तर निसर्गच बेशिस्त आहे अशी समजूत रुजते. आम्हाला ‘नियमबद्ध अनिश्चितता’ हा पर्याय अधिक योग्य वाटतो.