संख्येचे गुण आणि अंकलेखनाचे गुण

मोठ्या पूर्णांकांच्या गुणधर्मांची जी कोष्टके केली जातात, त्यांत मूळ अवयव, भाजकांची संख्या, अंकांची बेरीज, उलटसुलट वाचनातील साम्य हे सारे एकाच पंक्तीस बसविलेले आढळते. ही पंक्ती कितपत ग्राह्य आहे, हे १२३४५६७८९८७६५४३२१ या एका संख्येवरून तपासता येईल.

ही संख्या म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा वर्ग. तिचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ हे असून त्यांचे घात अनुक्रमे ४, २ व २ आहेत. म्हणून तिला ४५ भाजक आहेत. स्वतःखेरीज इतर भाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून किंचितच अधिक भरते. अर्थात ती न्यून संख्या होय. लेखनपद्धती बदलली तरी हे गुण अबाधित राहतात. याउलट, ती दोन्हीकडून सारखीच वाचली जाते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या डेम्लो संख्यांत तिची गणना होते. आणि तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जात असल्यामुळे त्यांच्याच परिभाषेत ती हर्षद संख्याही ठरते. हे गुण दशमान लेखनावर अवलंबून आहेत.

अशा गुणांविषयी जी. एच. हार्डी यांनी १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या ग्रंथात प्रतिकूल मत दिले. ८७१२ व ९८०१ या संख्या आपल्या उलट संख्यांच्या अनुक्रमे चौपट व नऊपट आहेत, हे त्यांचे उदाहरण. अशा विधानांचे महत्त्वाचे व्यापकीकरण होत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. कसोटी योग्य आहे. मात्र ती प्रत्यक्ष लावून पाहिली पाहिजे.

१ + क्ष + क्ष² + … + क्ष⁸ या बहुपदीच्या वर्गाचे सहगुणक १, २, … ९, … २, १ असे येतात. क्षची किंमत १० घेतली असता हातचा येत नाही, म्हणून तेच सहगुणक अंकरूपाने दिसतात. दहा एकांचा वर्ग केला की हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे रूप होऊन सममिती मोडते. आता पाया प मानून प−१ वेळा १ लिहू. पच्या प्रत्येक घाताला प−१ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून या संख्येस प−१ ने, व तिच्या वर्गास (प−१)² ने, निःशेष भाग जातो. वर्गाच्या अंकांची बेरीजही (प−१)² हीच. म्हणजे प्रत्येक पायात असा वर्ग सममित व हर्षद असतो. पाया ४ असता २१ ही संख्या १११ अशी, तर ४४१ हा तिचा वर्ग १२३२१ असा लिहिला जातो. अंकांची बेरीज ९, आणि ४४१ म्हणजे ९ गुणिले ४९.

हार्डी यांचे ९८०१ हे उदाहरणही या कसोटीस उतरते. ही संख्या ९९ चा, म्हणजे १०²−१ चा वर्ग आहे. कोणत्याही पायात (प²−१)² चे अंक प−१, प−२, ०, १ असे येतात, आणि ती संख्या आपल्या उलट संख्येच्या प−१ पट असते. हे व्यापकीकरण महत्त्वाचे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. ते शक्यच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही.

तेव्हा कोष्टकांत दोन नव्हे, तीन वर्ग हवेत: लेखननिरपेक्ष गुण, सर्व पायांत सिद्ध होणारे लेखनसापेक्ष गुण, आणि एकाच पायात आढळणारे योगायोग. कापरेकरांच्या कार्याचे मूल्यमापनही या विभागणीनेच व्हावयास हवे. केवळ कौतुक जसे अपुरे, तशीच सरसकट उपेक्षाही अशास्त्रीय होय.