अपुरा संकल्प आणि त्याचे वारसदार : ‘फाल्कन ४.०’चा विचार

लढाऊ विमानोड्डाणाची अनुकृती करणाऱ्या संगणकीय खेळांत ‘फाल्कन ४.०’ हे उदाहरण समीक्षेच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीने तो डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो दोषांनी इतका ग्रस्त होता की, खेळ मध्येच बंद पडणे ही नित्याची बाब होती. काही दुरुस्त्या निघाल्या. परंतु कंपनीची मालकी हॅस्ब्रो इंटरॲक्टिव्हकडे गेल्यानंतर, १९९९ च्या अखेरीस, निर्मितिगटच बरखास्त झाला. एप्रिल २००० मध्ये खेळाचा सोर्स कोड अनधिकृतपणे बाहेर आला व चाहत्यांनी त्याची पुनर्रचना आरंभिली. या उद्योगातूनच निर्माण झालेल्या बेंचमार्क सिम्स या गटाची ‘फाल्कन बीएमएस ४.३२’ ही आवृत्ती २०११ मध्ये आली आणि तिच्यामागून आणखी आवृत्त्या निघाल्या.

या परिश्रमांस सामान्यतः ‘दुरुस्ती’ म्हटले जाते. हा शब्द येथे अपुरा पडतो. दुरुस्तीने वस्तू पूर्वस्थितीस येते. येथे तर निर्दोष अशी पूर्वस्थिती कधी नव्हतीच. पाठचिकित्सक हस्तलिखितांच्या आधारे मूळ संहितेचा शोध घेतो. मॉड करणाऱ्यांपुढे होता तो मूळ कर्त्यांचा सिद्धीस न गेलेला संकल्प.

तो संकल्प असा. या खेळातील युद्ध म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या प्रसंगांची मालिका नव्हे. कोरियन द्वीपकल्पावरील काल्पनिक युद्ध संगणक अखंड चालवीत असतो. खेळाडूच्या निकटच्या हालचाली तो तपशिलाने मांडतो, दूरच्या ठोकळमानाने. पूल पडला की रसद खोळंबते. धावपट्टी उखडली की तेथील विमाने अडकून पडतात. खेळाडू हा एफ-१६ विमानाच्या अनेक वैमानिकांपैकी एक. तो उडाला नाही तरी युद्ध थांबत नाही. नायककेंद्री रचनेचा हा त्याग हेच मूळ कृतीचे खरे सामर्थ्य होय. चाहत्यांनी शस्त्रे, रडार, उड्डाणगुण, कॉकपिट आणि चित्रण यांत आमूलाग्र पालट केला; हा गाभा मात्र राखला. अपेक्षाभंग दोन प्रकारचा असतो : एक कल्पनेच्या दारिद्र्यातून येणारा, दुसरा कल्पना पेलता न आल्यामुळे घडणारा. परिश्रमाने दुसऱ्याचे निवारण होऊ शकते. पहिल्यावर केवळ सजावट चढविता येते.

या यशालाही मर्यादा आहेत. पुनर्रचनेचा पाया अनधिकृतपणे बाहेर आलेल्या सामग्रीवर उभा राहिला, हे नाकारता येणार नाही. ‘बीएमएस’ बसविण्यास मूळ खेळाची प्रत जवळ असावी लागते. या अटीत मूळ कृतीचे ऋण मान्य केलेले दिसते. दुसरी मर्यादा अभिरुचीची. अचूकता हेच अंतिम मूल्य मानले की, रडारच्या प्रत्येक कळीचे ज्ञान ही रसग्रहणाची पूर्वअट ठरते आणि नवागत उंबरठ्यावरूनच परततो. मूळ कल्पनेत वैमानिक हा युद्धाचा एक सामान्य घटक होता. तज्ज्ञतेच्या आग्रहात तोच पुन्हा केंद्रस्थानी येण्याचा संभव आहे.

तथापि, मूळ कर्त्यांना जे साधले नाही, ते त्यांच्याच कल्पनेशी इमान राखून वाचकसदृश अशा एका समुदायाने, वेतनाची अपेक्षा न ठेवता साधले, ही घटना सामान्य नाही. कृतीचे कर्तृत्व तिच्या प्रकाशनाच्या तारखेस संपते, या गृहीताचा फेरविचार त्यामुळे अपरिहार्य ठरतो.