मुलांविना एक सायंकाळ : विज्ञानसंग्रहालय आणि प्रौढ प्रेक्षक

विज्ञानसंग्रहालयाचा विचार महाराष्ट्रात बहुधा शालेय सहलीच्या संदर्भातच केला जातो. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली खुले झाले. तेथे जाणारा प्रौढ मनुष्य सामान्यतः कोणाचा तरी पालक वा शिक्षक या नात्याने जातो. मुलांची मोजदाद करणे, त्यांना रांगेत ठेवणे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही त्याची तेथील कामे होत. तो स्वतः काय पाहतो, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. या पार्श्वभूमीवर सॅन फ्रान्सिस्को येथील ‘एक्स्प्लोरेटोरियम’ या संस्थेचा ‘आफ्टर डार्क’ हा उपक्रम विचारात घेण्याजोगा आहे. गुरुवारी सायंकाळी सहा ते दहा या वेळेत संग्रहालय केवळ १८ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी खुले असते. प्रयोगमांडण्या दिवसाच्याच असतात. त्यांना एखाद्या विषयावरील व्याख्याने, प्रात्यक्षिके, चित्रपट वा संगीत आणि मद्यपानगृहाची जोड दिलेली असते.

या संस्थेचे संस्थापक फ्रँक ओपेनहायमर हे अणुबाँबच्या संदर्भात विख्यात असलेल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू. २०२३ सालच्या चित्रपटाने थोरल्या बंधूंचे नाव घरोघरी पोहोचविले; धाकट्या बंधूंचे कार्य मात्र अद्यापही अल्पपरिचित राहिले आहे. साम्यवादी पक्षाशी असलेल्या पूर्वसंबंधांमुळे १९४९ मध्ये त्यांना विद्यापीठातील पद सोडावे लागले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती. या काळात त्यांनी कोलोरॅडोमध्ये गुरे पाळली आणि पुढे तेथील एका लहान गावाच्या शाळेत विज्ञान शिकविले. १९६९ मध्ये त्यांनी एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले. २०१३ मध्ये ते खाडीकाठच्या ‘पिअर १५’ या धक्क्यावर हलविण्यात आले. संग्रहालयात कोणीही नापास होत नाही, हा ओपेनहायमर यांचा आवडता विचार होता. तो मुलांना उद्देशून आहे असे समजले जाते. वस्तुतः नापास होण्याची धास्ती मुलापेक्षा प्रौढालाच अधिक असते.

याचे प्रत्यंतर तेथील फलकांच्या रचनेत शोधता येते. अनेक मांडण्यांपाशी प्रथम काय करावे व कशाकडे लक्ष द्यावे हे सांगितलेले असते आणि त्यानंतर काय घडत आहे याचे स्पष्टीकरण येते. दिवसा मुलासोबत आलेला पालक हा क्रम नकळत उलटा करतो. मुलाने विचारण्यापूर्वी उत्तर हाताशी असावे म्हणून तो स्पष्टीकरण आधी वाचतो, आणि मग मांडणी त्याच्यापुरती सुटलेले उदाहरण होऊन बसते. एका मोठ्या अंतर्गोल आरशासमोर हात पुढे केला असता आरशातील हातही बाहेर येऊन हस्तांदोलनास सिद्ध होतो. या प्रतिमेचे सूत्र अकरावी-बारावीत घोकलेल्या व्यक्तीचाही हात तेथे क्षणभर थबकावा, इतकी ती खरी भासते. सोबत मूल नसले म्हणजे हा क्षण लपवावा लागत नाही. सायंकाळचा खरा लाभ येथे आहे.

दुसरी एक मांडणी यादृष्टीने अधिक बोलकी आहे. शौचालयातील भांड्यालाच पिण्याच्या पाण्याचा नळ जोडलेला आहे. भांडे कधीही वापरलेले नाही आणि पाणी स्वच्छ आहे, हे बुद्धीला पटते. तोंड मात्र पुढे होत नाही. किळस ही शिकलेली गोष्ट असून ती ज्ञानाला जुमानत नाही, हे या साध्या नळातून जितके उमगते तितके मानसशास्त्राच्या प्रकरणातून क्वचितच उमगत असेल. दिवसा पालकाला मुलाला पुढे करून स्वतः छायाचित्र काढण्यात सुटका शोधता येते. गुरुवारी सायंकाळी ती वाट नसते. येथे प्रयोगाचा विषय प्रौढ स्वतःच असतो, कारण ती किळस सर्वांत पक्की झालेली असते त्याच्यात.

अशा सायंकाळींवर मद्याच्या आधाराने विज्ञान खपविल्याचा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो सर्वस्वी निराधार नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममधील ‘लेट्स’ या उपक्रमात कानांवर ध्वनियंत्रे चढवून निःशब्द नृत्यही चालते. त्यावेळी प्रदर्शित यंत्रे केवळ नेपथ्य ठरण्याची शक्यता असते. तथापि वयोमर्यादेचा तपशील येथे निर्णायक वाटतो. कॅलिफोर्नियात मद्यपानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याच शहरातील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसची ‘नाइटलाइफ’ ही गुरुवारचीच सायंकाळ हीच मर्यादा पाळते. एक्स्प्लोरेटोरियमने ती १८ वर ठेवली आहे. म्हणजे कायद्याने मद्य घेऊ न शकणारा महाविद्यालयीन विद्यार्थीही तेथे प्रवेश करू शकतो. वगळले जाते ते बालपण आणि त्यासोबत येणारी पालकत्वाची भूमिका. दोन्ही उपक्रम एकाच मापाने मोजणे त्यामुळे योग्य होणार नाही.

प्रौढांसाठी विज्ञानाची सायंकाळ ही कल्पना नवीन नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८२५ च्या सुमारास शुक्रवारची सायंकालीन व्याख्याने सुरू केली आणि मुलांसाठीची नाताळ व्याख्यानेही त्याच काळातली. दोन्हींची विभागणी तेव्हापासूनच झालेली दिसते. मात्र शुक्रवारच्या सभागृहात प्रयोग वक्ता करी आणि श्रोते सजूनधजून बसून पाहत. गुरुवारी प्रयोग प्रेक्षकाच्या हाती आहे, आणि हा फरक लहान नाही. उलट, व्याख्याने व कार्यक्रम यांची गर्दी वाढली की हाच फरक पुसट होतो. एका व्याख्यानाकडून दुसऱ्या प्रात्यक्षिकाकडे घाईने जाणारा प्रेक्षक आरशापुढे पुरेसा थांबेल असे मानता येत नाही. एकाच मांडणीपाशी अर्धा तास रेंगाळण्याची मुभा ही ओपेनहायमर यांच्या कल्पनेची गाभ्याची गोष्ट होती. आयोजकांनी कार्यक्रमपत्रिका जितकी भरगच्च केली तितकी ही मुभा आक्रसते. शिवाय सायंकाळचे प्रवेशशुल्क वेगळे आकारले जाते, आणि दिवसभर राबून थकलेल्या कामगाराला या सायंकाळीत कितपत जागा आहे, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.