दरबार, सरहद्द आणि सर्जापूर रोड

सर्जापूर रोडवरील संगणक-व्यवसायातील मराठी कुटुंबांविषयी 'भाषा टिकली का?' एवढाच प्रश्न विचारणे अपुरे आहे. सतराव्या शतकात याच बंगळूरात, शहाजीराजांच्या आश्रयाने, जयराम पिंड्ये यांनी रचलेल्या 'राधामाधवविलासचंपू'त (राजवाडे-संपादित, १९२२) संस्कृताशेजारी अनेक देशी भाषा नांदतात. ग्लोरिया अँझाल्दुआ यांच्या 'बॉर्डरलँड्स' (१९८७) या ग्रंथातही स्पॅनिश व इंग्रजी एकत्र येतात. मात्र साम्य येथेच संपते. जयरामाची बहुभाषिकता दरबाराचे वैभव मिरवते. अँझाल्दुआ यांची बहुभाषिकता १८४८च्या तहाने ज्याच्यावरून सरहद्द सरकली त्या समाजाची जखम उघडी करते. सर्जापूर रोडवरील मराठी लेखकापाशी ना तो दरबार, ना ती जखम. म्हणूनच कन्नडला तो आपल्या लेखनात कोणते स्थान देतो, हीच त्याच्या साहित्याची खरी कसोटी ठरते.