दोन माने

समीक्षा लिहायची म्हणजे आधी चार परदेशी नावं फेकायची आणि मग मुद्द्याला यायचं, असं मी वाचून वाचून शिकलोय. आपल्याच्यानं ते होत नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात धागे सांधतो, कविता करतो, आणि शाळा सुटल्यापासून हाताला लागेल ते वाचतो. तेव्हा हे लिखाण समीक्षा आहे की बडबड, ते ज्यांचं पोट समीक्षेवर चालतं त्यांनी ठरवावं.

कासुर्डीला आमचा पाचसहा जणांचा अड्डा आहे. सुट्टीला जमायचं, कुणी काय पाहिलं ते सांगायचं आणि भांडायचं. पाळ्या जुळत नाहीत, म्हणून सिनेमे बहुतेक मोबाइलवरच बघायचे. मागल्या खेपेला एकानं परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३) सांगितला. खुनाचा बेत करणारी माणसं आपल्याच बेतात कशी गुरफटतात, हे सांगताना त्याला हसू आवरेना. दुसऱ्यानं मोकाशींचाच 'नाच गं घुमा' (२०२४) पाहिला होता. कामवालीवाचून मालकिणीचं घर कसं अडतं, त्याची ती गंमत. ह्याची आई चार घरची भांडी घासते. तो म्हणाला, "हसलो लई. पण आईला दाखवायचा का नाय, ते ठरंना." यावर कुणी काही बोललं नाही.

मग नेहमीप्रमाणं गाडी जुन्यावर आली. सगळ्यात भारी विनोदी सिनेमा कुठला?

आमच्यातला म्हातारा फिटर दादा कोंडक्यांचा भक्त. त्याच्या लेखी 'सोंगाड्या'च्या (१९७१) पुढं काही नाही. दादा नायगावच्या चाळीत वाढलेला, गिरणगावचा माणूस. त्याच्या लोंबत्या नाडीला पांढरपेशे नाकं मुरडत होते, तेव्हा गिरणीतली माणसं तिकिटाला रांगा लावत होती. 'सोंगाड्या'तला नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आई घराबाहेर काढते, तरी गडी आहे तसाच राहतो. भोळा आहे, भित्रा आहे, पण स्वतःला लपवत नाही. हे मला आवडतं. पण बाईच्या अंगावरनं चाललेले दुअर्थी विनोद आवडत नाहीत, आणि दादांच्या पुढच्या सिनेमांत तेच वाढत गेले. फिटर म्हणतो, "तू पुस्तकं वाचतोस म्हणून तुला टोचतं." पण बहीण शेजारी बसलेली असताना आपलं हसू घशात अडकतं, हे कळायला पुस्तक लागत नाही.

माझं मत चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'ला (१९३६). पट्ट्यावर नट आवळता आवळता काम थांबतं, तरी ह्याचे हात हवेत आवळतच राहतात. झोपेत माझी बोटं धागा सांधतात, हे माझ्या आईनं पाहिलंय. म्हणून तो विनोद मला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

पण मतं मोजली तेव्हा जिंकला 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ सालचा, सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेला. आम्ही सगळे त्यानंतर जन्मलेले, एक फिटर सोडला तर. तरी सत्तर रुपयांचा विनोद अड्ड्यावर कुणीही सुरू करावा, बाकीच्यांनी तोंडपाठ पुरा करावा.

सिनेमा चांगला आहे, हे आधी कबूल करतो. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरनं (१९६६) तो बेतलाय. पण वसंत सबनीसांनी तो असा मराठी केलाय की उसनवारी जाणवत नाही. अशोक सराफचा धनंजय माने पुण्यात सरपोतदारांकडं भाड्यानं राहतो. एकाचे चार होतात, घरमालक हाकलतो. सड्या पोरांना कुणी खोली देईना. लीलाबाई काळभोर नावाची बाई देते, पण फक्त जोडप्यांना. मग सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसतात, आणि चौघांची दोन जोडपी होतात. आडनावसुद्धा आमच्या रस्त्यावरचं. कासुर्डीहून पुण्याला निघालं की वाटेत लोणी काळभोर लागतंच.

ह्या सिनेमाला आपण हसतो ते साड्यांमुळं, असं सगळ्यांना वाटतं. मला नाही वाटत. आपण हसतो ते भीतीमुळं. दारावर थाप पडली, पदर घसरला, आवाज जाडा निघाला, की खोली गेली. बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये (१९५९) दोन गडी बायका होतात ते गुंडांनी केलेले खून बघितले म्हणून. तिथं बिंग फुटलं तर जीवच जाणार. लपलेल्या माणसाचा विनोद भीतीवर चालतो. भीती खरी असली की हसू खरं येतं. अशोक सराफचे डोळे बघा. तोंड थाप मारत असतं आणि डोळे दाराकडं असतात.

मी अड्ड्यावर एवढंच विचारलं, की लीलाबाई जोडपं आहे का विचारते, मग जात का विचारत नाही?

आरडाओरडा झाला. "आला ह्याचा मुद्दा!" एक म्हणाला, "सिनेमा हसायला बघायचा का रडायला?" दुसरा जरा वाचणारा. त्यानं मला पेचात पकडलं. म्हणाला, "माने मराठ्यांतही असतात आणि इतरांतही. 'उपरा' (१९८०) लिहिणारे लक्ष्मण माने कैकाडी. मग धनंजय माने आपल्यातला नसेल कशावरनं?"

मुद्दा बिनतोड होता. दोन दिवस पाळीत तोच घोळत राहिला. मग उत्तर सापडलं. सिनेमात 'माने' म्हटलं की काम भागतं. बाहेर भागत नाही. बाहेर पुढचा प्रश्न येतो, "माने म्हणजे कुठले माने?" हा 'कुठले' ज्याला कधी कुणी विचारला नाही, त्याच्याच घरात ही गोष्ट इतकी हलकीफुलकी होऊ शकते. शेवटी बिंग फुटतं, लीलाबाई रागावते आणि पदरातही घेते. पोरगा बाई नव्हता, एवढंच निघालं. ते माफ होण्यासारखं आहे.

आता हीच गोष्ट दुसऱ्या दोन ठिकाणी बघा. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा त्याच नावाच्या संग्रहात १९६३ साली आली. नायक रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत जातो, खोलीसाठी जात लपवतो, लोक मान देतात. मग कळतं, आणि मार पडतो. त्याच्याही आधी, १९१७ साली, अमेरिका आणि लंडनात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. खोटं नाव, भाड्याची खोली, दारावरची थाप. कथानक तेच. एका ठिकाणी शेवट लग्नात, दुसऱ्या ठिकाणी माराने, तिसऱ्या ठिकाणी बाहेर बागेत बसून रडण्यात.

मराठी सिनेमात दुसरा एक माने आलाय. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्या, म्हणजे जांबुवंत कचरू माने. हा माने कुठला, ते गावाला आधीच ठाऊक आहे. घरच्यांबरोबर डुकरं धरायची वेळ येते तेव्हा शाळेतल्या पोरांनी, त्यातही शालूनं, बघू नये म्हणून तो लपत राहतो. नीट बघा, तो सगळा पाठलाग विनोदी सिनेमातला आहे. पळापळ आहे, पडापड आहे, डुक्कर हाताला येता येता निसटतं. ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं घर जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर पळून जातं. दुसऱ्या सिनेमात थेटर डोक्यावर घेतलं असतं. इथं पडद्यावरचं गाव आधीच हसत बसलंय, म्हणून आपल्याला हसवत नाही. शेवटी जब्याचा दगड येतो तो आपल्याच अंगावर.

धनंजय माने लपतो तेव्हा आपण त्याच्या बाजूनं हसतो. जब्या माने लपतो तेव्हा हसणारे समोरच्या बाजूला असतात. माझा मुद्दा एवढाच आहे. विनोद वरचा का खालचा, शिष्ट का चावट, ही भांडणं रिकामटेकड्यांची. हसणारा कुणाच्या बाजूला बसलाय, ते बघा.

मग आपल्याला फक्त मार आणि दगडच का? आपला विनोद नाहीच का?

आहे. मी अड्ड्यावर माझी गोष्ट सांगितली. गिरणीजवळ खोली बघायला गेलो होतो. मावशी चांगल्या होत्या, चहा टाकला. आडनाव विचारलं, सांगितलं. "कुठले?" गाव सांगितलं. "कुलदैवत?" मी ठोकून दिलं, "खंडोबा." "मग जेजुरीला जाता का नाही?" म्हटलं, "दर सोमवतीला." मावशी खूश, भाडंही शंभरानं उतरलं. आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. भीमगीत, पूर्ण आवाजात. बटण काही सापडेना. कडवं संपेपर्यंत मी आणि मावशी एकमेकांकडं बघत उभे. मग मावशी म्हणाल्या, "बघा, विसरलेच. खोली कालच गेली."

अड्डा पोट धरून हसला. फिटरला ठसका लागला. मीही हसलो. हसता हसता एकजण म्हणाला, "तू वाचलास." कारण शिर्डीला २०१५ साली अशाच रिंगटोनवरनं एका तरुण पोराचा खून झाला होता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. हसू थांबलं नाही, पण त्याचा आवाज बदलला.

हा सिनेमा मला बघायचाय. त्यात साडी नको, खोटी मिशी नको. एक खोली, एक मावशी, एक आडनाव आणि खिशात वाजणारा फोन पुरे. आमच्या प्रत्येक अड्ड्यावर असल्या गोष्टी तयार आहेत. वस्तीत आम्ही त्यावर मनसोक्त हसतो, पण बाहेर सांगताना त्याच गोष्टी रडून सांगतो, कारण बाहेरच्याला आपलं रडणंच कळेल असं आपण धरून चालतो. ही चूक आपली आहे. ती लिहिणाऱ्यांनी सुधारायची.

'बनवाबनवी' मी अजूनही बघतो. पुढच्या सुट्टीलाही बघेन. धनंजय माने दारात उभा राहिला की मी हसणारच. फक्त त्याच्या जागी जब्या माने खोली मागायला आला, तर लीलाबाई काय करील, हा प्रश्न आता डोक्यातनं जात नाही. अड्ड्यावर त्यावर अजून भांडण चालू आहे. फिटर म्हणतो, देईल. बाकीचे गप्प आहेत.