देशपांड्यांचा वाडा

इंग्लंडांतील सरदारांच्या खेड्यांतल्या प्रासादांचे इतिहास मोठ्या आवडीनें लिहिले व वाचले जातात. पिढ्यान् पिढ्या एकच घराणें, एकच उद्यान, तसबिरींची एकच लांब रांग. इतिहासकाराचें निम्में काम तेथें घरानेंच करून ठेविलेलें असतें. आमच्या वाड्यांचे असे इतिहास क्वचितच कां आढळतात, असा प्रश्न नायगांवसारख्या गांवीं राहणाऱ्या वाचकास पडणें स्वाभाविक आहे. कारण अगदीं व्यवहारांतलें आहे. तिकडे मिळकत बहुधा एकट्या वडील मुलाकडे जाई. मिताक्षरेनें मात्र प्रत्येक मुलास जन्मतःच हिस्सा दिला, आणि वाड्यांच्या चौकांतून भिंती उठल्या. त्यांतच हैदराबाद संस्थानांतील जहागिरी १९४९ सालीं खालसा झाल्या आणि पलीकडील मध्यप्रदेशांत मालगुजारी १९५१ सालीं संपली. तेव्हां हा इतिहास आमच्याकडे एका नाटककारानें लिहिला, यांत नवल नाहीं. रा. महेश एलकुंचवार यांचें ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हें तें नाटक होय.

एलकुंचवारांचा जन्म पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यांत, पारवा येथील जमीनदार घराण्यांत झाला. हा वाडा त्यांनीं बाहेरून पाहिलेला नाहीं. धरणगांवच्या देशपांड्यांकडे तात्याजी वारले आहेत, आणि तेरवी घराण्यास साजेशी कशी व्हावयाची, पैसा कोठून आणावयाचा, या विवंचनेंत सारें घर आहे. अंगणांत ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तो शेत नांगरीत नाहीं, त्यास कोणी विकीतही नाहीं. घरच्या माणसांना तो लागतो मात्र! घराण्याच्या प्रतिष्ठेचें याहून नेमकें वर्णन कोणत्याही कुलवृत्तांतांत आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. रात्रीं पेटींतले दागिने अंगावर घालून पाहणारी वहिनीही याच प्रतिष्ठेची मानकरीण आहे. परंतु तिच्याविषयीं लेखकाच्या मनांत उपहास नाहीं, हें त्याचें मोठेंपण.

आमच्या मतें नाटकाचा प्राण प्रभेंत आहे. तिची शिकण्याची इच्छा तात्याजींनीं मोडून काढली आणि ती अविवाहित राहून घरांत आंबत गेली. १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या हिश्शांत वाटा दिला खरा, पण पुरुष वारस वाटण्या करीपर्यंत राहत्या घराचें वाटप मागण्याची तिला मोकळीक नव्हती. अविवाहित असल्यास त्या घरांत राहण्याचा हक्क तेवढा होता. म्हणजे प्रभेला वाड्यांत डांबून ठेवण्यांत कायदाही तात्याजींचा भागीदार! वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं मिळाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं श्री. चंद्रकांत कुलकर्णी यांनीं ‘मग्न तळ्याकाठीं’ व ‘युगान्त’ हीं पुढील दोन नाटकें जोडून तिन्हींचा सलग प्रयोग रंगभूमीवर आणिला.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ‘वाडा चिरेबंदी’च्या रंगमंचावर मुख्यतः घरचींच माणसें वावरतात. ज्यांनीं या घराचीं शेतें पिकविलीं त्यांस हा वाडा बाहेरून कसा दिसत होता, हें प्रेक्षकास कळत नाहीं. घराचे कष्ट उपसणारा चंदूदेखील अखेर देशपांडेच. इंग्रजी प्रासादांच्या इतिहासांतही हेंच वैगुण्य पुष्कळदां आढळतें, पण त्यामुळें आमचें समाधान व्हावें असें नाहीं.

‘युगान्ता’त अवर्षणानें गांव ओस पडतें, आणि पराग व अभय हे चुलतभाऊ बोलत राहतात. फार बोलतात. ट्रॅक्टरानें जें मुक्यानें सांगितलें, तें येथें दोन शहाण्या माणसांना संभाषणांतून पटवावें लागतें. तरी वाचकांनीं तिन्ही नाटकें क्रमानेंच वाचावीं. पहिलें एकटेंच वाचणाऱ्यास पराग हा केवळ दारूपायीं वाया गेलेला पोर वाटण्याचा संभव आहे.